मॅनेजमेंट शिकायचंय, पण ड्युटी सोडून नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या तुमच्या पेपरात ॲडमिशनच्या जाहिरातींची पानंच्या पानं येतायत आणि त्यात हेल्थकेअर मॅनेजमेंट, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन असल्या नावाच्या दोन-चार तरी असतातच, टाय लावलेला मुलगा, मागे काचेची बिल्डिंग, खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बघून बरंही वाटतं आणि थोडा रागही येतो. कारण ह्या सगळ्या जाहिराती कालपरवा बीकॉम नाहीतर बीएस्सी झालेल्या पोरांसाठी आहेत. जी माणसं आज हॉस्पिटल चालवतायत, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, आरएमओ (वॉर्डमध्ये ड्युटीला असणारे डॉक्टर), फार्मसीवाले, लॅब टेक्निशियन, पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) मेडिकल ऑफिसर, त्यांनी हेच शिकायचं म्हटलं तर कधी शिकायचं आणि कुणाच्या जिवावर, ह्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापाकापी करा पण खालचा रोस्टरचा (ड्युटी लावायच्या तक्त्याचा) हिशोब तेवढा राहू द्या.

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंग सुपरवायझर आहे, नाव लिहीत नाही आणि लिहून उपयोगही नाही कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच आहे. आमच्याकडे प्रमोशनची पद्धत ठरलेली, जी सिस्टर पेशंटला चांगली सांभाळते, आयव्ही एका झटक्यात लावते, डॉक्टरांच्या राउंडला फाइल तयार ठेवते, तिला इन्चार्ज करायचं, आणि इन्चार्जमधली जी जास्त भांडत नाही तिला सुपरवायझर. म्हणजे ज्या कामात ती चांगली आहे त्यातून तिला बाहेर काढायचं आणि ज्याचं तिला कुणी एक अक्षर शिकवलं नाही त्या खुर्चीवर बसवायचं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे रोस्टर, इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), कंप्लेंट, एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या) फाइली, बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टर, नवीन पोरींचं ट्रेनिंग, सगळं. बीएस्सी नर्सिंगला मॅनेजमेंटचा पेपर असतो, नाही असं नाही, पण तो आपण पास व्हायला वाचतो. एमबीबीएसवाल्यांचं तर कम्युनिटी मेडिसिनच्या जाडजूड पुस्तकातल्या एखाद्या चॅप्टरवर भागतं, आणि बॉण्डवर आलेला तोच पोरगा सुरगाण्याकडच्या पीएचसीत जाऊन कॅशबुकवर सह्या करतो, पगारबिलं बघतो, रुग्ण कल्याण समितीची मिटिंग घेतो. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक पीएचसी असा नियम आहे, म्हणजे एवढ्या लोकांच्या तब्येतीबरोबर ऑफिसही त्याच्याच डोक्यावर.

आता रोस्टर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर पाहिजे हे सगळे मान्य करतात, मालकसुद्धा. मग ती एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला सिस्टर किती लागतात? मिटिंगमध्ये उत्तर येतं तीन, कारण शिफ्ट तीन, मॉर्निंग, आफ्टरनून, नाइट. बरं. आठवड्याचे तास १६८, एक सिस्टर आठवड्याला ४८ तास करते, भागाकार येतो साडेतीन. म्हणजे वर्षभर एकीनेही वीकली ऑफ सोडून एक दिवस रजा घेतली नाही, कुणाला ताप आला नाही, कुणाचं लग्न झालं नाही, तरी साडेतीन. आता सीएल, पीएल, सिक, सणाच्या सुट्ट्या, ट्रेनिंग मिळून माणशी वर्षाला पन्नासेक दिवस धरा, आकडा सव्वाचारच्या आसपास जातो. त्यात एखादी मॅटर्निटी लीव्हवर गेली की २६ आठवडे ती नाहीच. दहा बेडचं आयसीयू आहे आणि दहाही पेशंट व्हेंटिलेटरवर आहेत असं धरलं तर तीनच्या हिशोबाने ३० सिस्टर आणि खऱ्या हिशोबाने ४२. मधल्या बारा सिस्टर कुठेच नाहीत. त्यांचं काम कोण करतं? डबल ड्युटीवाली करते, जिचा ऑफ फोन करून कॅन्सल केला ती करते. आणि मग सहा महिन्यांत पोरी सोडून जातात, एचआर म्हणतं हल्लीच्या मुलींना टिकायची सवयच नाही.

हा हिशोब काही रॉकेट सायन्स नाही, चौथीतल्या मुलाला भागाकार येतो. पण मिटिंगमध्ये तो मांडता यायला पाहिजे, कागदावर, पैशात, की बघा सर, बारा जणींचा पगार इतका, आणि त्या नाहीत म्हणून ओव्हरटाइम, पुन्हापुन्हा नवीन भरती, ट्रेनिंग, पेशंटच्या कंप्लेंट ह्याचा खर्च इतका. हेल्थ सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन नावाच्या मास्टर्स डिग्रीत जे शिकवतात ते ह्याच्या जवळपासचंच, मनुष्यबळ, कॉस्टिंग, कायदा, क्वालिटी, साथरोगशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स, हॉस्पिटलची इन्फर्मेशन सिस्टीम, ऑपरेशन्स. मला मार्केटिंग नाही शिकायचं. मला हे शिकायचंय.

डिस्चार्जचं बघा. डॉक्टर सकाळच्या राउंडला दहाला म्हणतात घरी सोडा, आणि पेशंट बाहेर पडतो संध्याकाळी पाचला. पेठकडचा पेशंट असेल तर बरोबरचे लोक घड्याळ बघत बसतात कारण गावाकडची एसटी गेली की मुक्कामच. शिव्या कुणाला, तर काउंटरवरच्या मुलीला आणि वॉर्डच्या सिस्टरला. मी एकदा कागद घेऊन एका पेशंटच्या मागे लागले, कुठला कागद किती वेळ कुठे पडून राहतो ते लिहीत. डिस्चार्ज समरी लिहायची तर आरएमओ ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला. मग उरलेली औषधं फार्मसीत परत, तिथे रिटर्नची एन्ट्री दुपारी एकदाच करतात. लॅबचा एक रिपोर्ट पेंडिंग म्हणून बिल लॉक होत नाही, आणि तो रिपोर्ट लॅबमध्ये तयार होऊन पडलाय, फक्त व्हेरिफाय केलेला नाही. मग बिलिंग, मग टीपीए, म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी. आता टीपीएचं म्हणाल तर आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २९ मे २०२४ च्या सर्क्युलरमध्ये सांगून टाकलंय की कॅशलेसच्या रिक्वेस्टवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जचं फायनल ॲप्रूव्हल तीन तासांत. पण आमची फाइलच त्यांच्याकडे दुपारी दोनला जाते, तर त्यांचे तीन तास दोनपासून मोजायचे, दहापासून नाही. बोंब मात्र इन्शुरन्सच्या नावाने. महात्मा फुले योजनेतल्या पेशंटचंही तसंच, एक फोटो नाहीतर एक कागद अपलोड करायचा राहिला की क्लेम अडकतो, आणि आरोग्यमित्राने किती सांगितलं तरी वॉर्डमध्ये कुणाला माहीतच नसतं की तो कागद लागतो.

ह्यात कुणी वाईट नाहीये हो. फार्मसीवाला त्याच्या जागी बरोबर, लॅबवाला त्याच्या जागी बरोबर. सगळं एकत्र बघणारा माणूस नाही, आणि जो आहे त्याला बघायचं कसं ते शिकवलेलं नाही.

स्टोअरमध्येही हेच. महागाच्या इम्प्लांटवर सगळ्यांचं लक्ष, कुलूपबंद, रोज मोजणी, आणि ते बरोबरही आहे. पण ॲड्रेनलिनचं अँप्युल काही रुपयांचं, त्याच्याकडे कोण बघतो, आणि क्रॅश कार्टमध्ये (इमर्जन्सीच्या औषधांच्या ढकलगाडीत) तेच नसलं तर? पुस्तकात ह्याला एबीसी आणि व्हीईडी ॲनालिसिस म्हणतात, एकीकडे पैशाने महाग कोण ते बघायचं, दुसरीकडे जिवाला महाग कोण ते बघायचं, आणि दोन्ही तक्ते एकमेकांवर ठेवून ठरवायचं कुठलं औषध कुणी आणि किती वेळा मोजायचं. मला हे एका मैत्रिणीच्या नोट्स वाचून कळलं, नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाल्यावर.

आणि नाशिककरांना तरी हे वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, प्रेशर पडलं आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. कोण चुकलं ह्यात मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यानंतर महिनाभर आम्ही सगळे आपापल्या हॉस्पिटलात एकमेकांना विचारत होतो की आपल्याकडे लाइनचं प्रेशर कमी झालं तर अलार्म कुठे वाजतो, बॅकअपचे सिलेंडर मॅनिफोल्डवर (सिलेंडर लाइनला जोडतात त्या जागी) कोण चढवणार, रात्री तीनला कोण, त्याचा फोन नंबर कुठे लिहिलाय. हे प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर आधीच भिंतीवर चिकटवून ठेवणं हे ॲडमिनिस्ट्रेशनचं काम आहे, डॉक्टरचं नाही, सिस्टरचं नाही. आणि ते शिकता येतं.

दरवर्षी १२ मेला आम्ही मेणबत्त्या लावून नाइटिंगेल बाईंच्या नावाने शपथ घेतो, फोटो निघतात, केक कापतात. बाईंनी दिवा घेऊन फिरायचं काम केलंच, पण परत आल्यावर क्रिमियातल्या मृत्यूंचे आकडे गोळा करून, त्याचे तक्ते काढून सरकारपुढे ठेवले की सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेलेत. ते कुणी भाषणात सांगत नाही. दिवा सोपा पडतो.

आता कोर्सचं. कोर्स नाहीत असं अजिबात नाही. दिल्लीच्या एम्समध्ये हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा पीजी कोर्स आहे, पण तो एमबीबीएसवाल्यांना आणि पूर्ण वेळ. पुण्याला एएफएमसीत (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं एमडी आहे, तेही डॉक्टरांचंच. मुंबईला टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं) नाव मोठं आहे, तिथे मास्टर्स आहे आणि नोकरीवाल्यांसाठी एक्झिक्युटिव्ह डिप्लोमाही आहे, पण त्याला कॅम्पसवर जावं लागतं आणि नाशिकहून मुंबई म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने जा-ये केली तरी अख्खा दिवस जातो, वर रजा. इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा आहे, परीक्षा जून आणि डिसेंबरला, आमच्यातल्या काहींनी केलाय, पुस्तकं चांगली आहेत असं त्या सांगतात, पण एकटीने वाचायचं आणि शंका आली की विचारायला जवळ कुणी नाही. आणि मग गल्लोगल्ली निघालेले ऑनलाइन एमबीए आहेत, त्यांच्याबद्दल एवढंच सांगते की यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत नाव आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका, कितीही गोड बोलणारी मुलगी फोनवर असली तरी. आमच्या ओळखीतल्या एका टेक्निशियनने असेच पैसे भरले, कोर्स सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहाला लाइव्ह, अटेंडन्स कंपल्सरी. आफ्टरनून ड्युटी सुटते आठला. फी परत नाही.

बाहेरच्या देशात ह्याला शंभर वर्षं होत आली. शिकागो विद्यापीठाने १९३४ मध्ये हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं शिक्षण सुरू केलं आणि आज अमेरिकेत नोकरी करणाऱ्या नर्स, डॉक्टर, फार्मासिस्टसाठी वेगळे मास्टर्स आहेत, ॲडमिशनलाच कामाचा अनुभव मागतात, महिन्यातला एखादा वीकेंड नाहीतर सेमिस्टरला मोजके दिवस कॅम्पसवर, बाकी घरून, आणि शेवटचा प्रोजेक्ट आपल्याच हॉस्पिटलातला खरा प्रॉब्लेम घेऊन करायचा. तिकडची फी बघून डोळे पांढरे होतात, ती नको आपल्याला. पद्धत तेवढी पाहिजे. जो माणूस रोज डिस्चार्जच्या रांगेत शिव्या खातो त्याला तीच रांग प्रोजेक्टला दिली तर तो कॉपी-पेस्ट नाही करणार.

आणि गंमत म्हणजे ह्यासाठी जे लागतं ते दोन्ही आपल्या नाशकात आहे. १९९८ ला सुरू झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडला आहे, राज्यातली मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी, डेंटल कॉलेजं त्यांच्याकडे. आणि १९८९ ला सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला, ज्यांचं ब्रीदच ज्ञानगंगा घरोघरी, आणि नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या माणसाला कसं शिकवायचं, अभ्यासकेंद्र कसं चालवायचं, संपर्कसत्र रविवारी कसं लावायचं ह्यात त्यांचा हात धरणारं राज्यात कोण आहे? एकाकडे विषय आहे, एकाकडे पद्धत आहे. दोघांच्या मध्ये फक्त नाशिक शहर आहे. दोघांनी मिळून एक मास्टर्स काढावा, फक्त आरोग्य सेवेत काम करणाऱ्यांसाठी, निदान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी, डॉक्टर असो, सिस्टर असो, ब्रदर असो, नाहीतर एक्स-रेवाला, सगळे एकाच वर्गात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. हॉस्पिटलात आम्ही एकमेकांशी फक्त भांडणाच्या वेळी बोलतो, वर्गात लॅबवाला शेजारी बसला तर रिपोर्ट व्हेरिफाय का होत नाही ते तोच सांगेल.

क्रेडिटचंही आता जमण्यासारखं आहे. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीय, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा राहतात ते खातं, मिळवलेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतं. आमच्या क्षेत्रात बायका जास्त, कुणाचं बाळंतपण, कुणाची सासू आजारी, कुणाची बदली. दोन सेमिस्टर करून थांबली तर डिप्लोमा हातात द्या, पुढे कधी आली तर उरलेलं करू द्या. हे कागदावर शक्य आहे, फक्त विद्यापीठाच्या खिडकीवरच्या माणसालाही ते माहीत पाहिजे.

माध्यम मराठी आणि इंग्लिश दोन्ही ठेवा. आमच्या पोरी हुशार आहेत, ऑडिटमध्ये इंग्लिशमध्ये उत्तरं देतात, पण कायद्याचा मुद्दा किंवा कॉस्टिंग समजून घेताना मराठीतून एकदा सांगितलं तर पक्कं बसतं.

आता हॉस्पिटलच्या मालकांना थोडं. बहुतेक ठिकाणी मालक डॉक्टरच आहेत, वीस बेडवरून सुरू करून शंभरावर नेलंय, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, खरंच आहे. पण वीस बेडचं हॉस्पिटल ओळखीवर चालतं, शंभर बेडचं नाही चालत. मग ते बाहेरून एखादा एमबीए आणतात, मुलगा चांगला असतो, एक्सेल उत्तम, पण त्याला फाउलर पोझिशन (पेशंटला टेकवून बसवायची पद्धत) आणि फोलीज कॅथेटर (लघवीची नळी) ह्यातला फरक माहीत नसतो आणि तो आम्हाला सांगतो की वॉर्डमध्ये ग्लोव्हज जास्त जातायत. जातील ना, ग्लोव्हज वाचवून इन्फेक्शन वाढवायचंय का? त्याऐवजी तुमच्याकडेच दहा-दहा वर्षं काढलेल्या माणसातून दोघातिघांना पाठवा. अर्धी फी भरा, त्याबदल्यात दोन वर्षांचा बॉण्ड घ्या, आमची ना नाही. संपर्कसत्राच्या रविवारी ड्युटी लावू नका आणि तो दिवस वीकली ऑफमधून कापू नका. आणि डिग्री घेऊन आल्यावर पगारात काहीतरी दिसू द्या, नाहीतर ती शिकलेली बाई नाशिक सोडून पुण्याला जाईल आणि परत म्हणाल हल्लीच्या मुलींना टिकायची सवय नाही.

सरकारी बाजूला तर हे जास्तच गरजेचं. सिंहस्थ आलाय तोंडावर, २०२७ ला. घाटांची, रस्त्यांची चर्चा तुमच्या पेपरात रोज असते आणि असावीच. पण २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, तसं काही झालंच तर एका तासात साठ-सत्तर जखमी कुठे जाणार, कुठल्या हॉस्पिटलात किती बेड रिकामे करता येतील, रक्तपेढीत काय आहे, १०८ ने आधी कुणाला न्यायचं, कुणाला आधी उपचार ते दाखवणारी लाल-पिवळी-हिरवी पट्टी कोण बांधणार, ह्याचं प्लॅनिंग हासुद्धा ह्याच अभ्यासाचा भाग आहे. २०१३ ला प्रयागच्या कुंभात हार्वर्डची माणसं येऊन अभ्यास करून गेली. आपल्या पंचवटीत, आपल्या त्र्यंबकला, आपल्या सिस्टर आणि आपले मेडिकल ऑफिसर ड्युटीवर उभे असणारच आहेत, मग त्यांच्याच हातात ती माहिती गोळा करायचं काम का नको, आणि त्याचं क्रेडिट त्यांच्या डिग्रीत का नको? आता सुरुवात केली तर पहिली बॅच सिंहस्थापर्यंत पूर्ण होणार नाही हे मला कळतं. पहिल्या सेमिस्टरला तरी असेल.

मला कुणीतरी विचारलंच, की सिस्टरने एवढं शिकून करणार काय, मेट्रनच्या वर जागा कुठे आहे. तर जागा आहे. क्वालिटीला आहे, ऑपरेशन्सला आहे, इन्फेक्शन कंट्रोलला आहे, फक्त त्या जागांच्या जाहिरातीत 'एमबीए पाहिजे' लिहितात आणि आमचा फॉर्म तिथेच बाजूला जातो. काम आम्हीच करत असतो, सही दुसऱ्याची असते.

दोन्ही विद्यापीठातलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. संपर्कसत्र रविवारी ठेवाल तेव्हा वेळ सकाळी नऊची नको, साडेदहाची ठेवा. नाइट आठला सुटते, हँडओव्हर द्यायला साडेआठ-पावणेनऊ होतात, आणि सिडकोतून नाहीतर नाशिकरोडहून सिटी बस पकडून गंगापूर धरणाकडे यायचं म्हणजे तेवढा वेळ लागतोच. चहाची सोय आम्ही आमची बघू.

आपली,
एक नर्सिंग सुपरवायझर, नाशिक